पेटलेला बाजार

एका तटबंदीच्या शहरात निंबाजी नावाचा तांबट राहत होता. माणूस सरळ, आवाज खणखणीत. खालच्या पेठेत त्याच्या शब्दाला मान होता.

एका उन्हाळ्यात शहराचा नगरप्रमुख अंबरराव याने आपल्या बागेत कारंजे बांधले आणि तळ्याचे पाणी तिकडे वळवले. खालच्या पेठेतला हौद आटला. बायका मैलभर चालून नदीतल्या झऱ्यावर घागरी भरू लागल्या. म्हातारीकोतारी माणसे तहानेने कासावीस झाली.

निंबाजीने पेठ गोळा केली आणि अंबररावाच्या हवेलीसमोर ठाण मांडले. मागणी एकच होती : आमचे पाणी आम्हाला द्या. बाजारातली राहीबाई भडभुंजीण रोज दुपारी सूपभर फुटाणे आणून बसलेल्यांना वाटायची. तिचा नवरा आंधळा होता. भट्टीवरच्या माळ्यावर तो दिवसभर पडून असायचा.

"माझ्याकडून एवढंच होतं रे बाबांनो," राहीबाई म्हणायची.

म्हातारा कारभारी अंबररावाला म्हणाला, "सरकार, खाली उतरून दोन शब्द बोला. माणसं रागावलीत, पण अजून ऐकण्यातली आहेत."

"आज उतरलो तर उद्या डोक्यावर बसतील," अंबरराव म्हणाला. "ऊन चढलं की आपोआप पांगतील."

आठ दिवस गेले. कोणी पांगले नाही आणि हवेलीतून कोणी उतरलेही नाही. नवव्या दिवशी दुपारी गर्दीतले काही तरुण उठले.

"बसून काय मिळालं? बाजार पेटला की याचे डोळे उघडतील!"

एकाने पलिता पेटवला. सगळ्यांनी निंबाजीकडे पाहिले.

हे चुकते आहे, हे निंबाजीला कळत होते. त्याने नुसता हात वर केला असता तरी ते थांबले असते. पण त्याच्या मनात आले, आता अडवले तर म्हणतील, निंबाजी भ्याला. नाहीतर म्हणतील, विकला गेला. त्याने मान खाली घातली. गर्दीने तो होकार समजला.

आधी एक कापडाचे दुकान पेटले. वारा होता. आग छपरावरून छपरावर गेली. आता मात्र सगळे घाबरले. ज्यांनी पलिते फेकले तेही घागरी घेऊन हौदाकडे धावले. हौदाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. अंबररावाने घाईघाईने पेठेचे पाणी सोडायला लावले, पण ते पोहोचेपर्यंत बाजाराची राख झाली होती. आग लागली तेव्हा राहीबाई हवेलीसमोर फुटाणे वाटत होती. ती धापा टाकत आली तेव्हा आंधळ्या नवऱ्यासकट माळा कोसळला होता.

दुसऱ्या दिवशी हौद काठोकाठ भरला. पाणी भरायला कोणी आले नाही.

अंबरराव राहीबाईकडे आला. "बाई, तुला नवी भट्टी बांधून देतो," तो म्हणाला.

"आठ दिवस तुम्हाला जिना उतरवला नाही, सरकार," राहीबाई म्हणाली. "आता कशाला उतरलात?"

मग निंबाजी आला. तो म्हणाला, "मावशी, मी पेटवलं नाही गं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तू थांबवलंही नाहीस."

तेराव्यानंतर राहीबाई माहेरी निघाली. निंबाजी तिचे गाठोडे घेऊन वेशीपर्यंत गेला. वेशीपाशी तिने गाठोडे त्याच्या हातातून काढून घेतले आणि मागे न पाहता चालू लागली.

तिच्यामागून व्यापारीही एकेक करून शहर सोडून गेले. बाजार पुन्हा उभा राहिला नाही. मजुरांचे काम गेले, पेठेतली निम्मी घरे कुलपे लावून ओस पडली. अंबररावाच्या दारात आता गाऱ्हाणे घेऊनही कोणी येत नसे. आणि निंबाजीचा खणखणीत आवाज त्या पेठेत पुन्हा कोणी ऐकला नाही.

तात्पर्य : सत्ता हाती असलेल्याने वेळेवर ऐकले नाही आणि जमाव हाती असलेल्याने वेळेवर आवरले नाही, तर त्या दोघांच्या चुकीची झळ निरपराध माणसालाच बसते, मग मागितलेले मिळूनही काही उपयोग होत नाही.