समोरच्या डोंगरानं ऐकलेलं नाव

फार वर्षांपूर्वी, घळवाडीला अजून गाडीरस्ता नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. घळवाडीची माणसं आजही जरा मोठ्यानंच बोलतात. दरीपलीकडचे बोरघरकर थट्टा करतात, की घळवाडीची सून आणली तर गावाला दवंडीवाला नको. घळवाडीकर रागावत नाहीत. ही आमच्या सुभेदार मास्तरांची देणगी, असं सांगतात, आणि तेही मोठ्यानंच.

सुभेदार दौलती शेलार समुद्रापलीकडच्या मोठ्या लढाईतून परत आले, तेव्हा छातीवर दोन पदकं होती आणि उजवा कान कायमचा गेला होता. डाव्या कानानं अर्धंमुर्धं ऐकू यायचं. पण कानापेक्षा खोल जखम दुसरीच होती. त्यांच्या तुकडीत एक लाजाळू शिपाई होता. पुढच्या वाटेवरची माती कुणीतरी उकरून पुन्हा सारखी केली आहे, हे त्याला दिसलं होतं. पण साहेबापुढे त्याची जीभ रेटली नाही. मातीखाली सुरुंग होते. अकरा जण गेले. शेवटच्या श्वासाला तो शिपाई सुभेदारांच्या डाव्या कानाशी म्हणाला, "मला दिसलं होतं."

गावी आल्यावर सुभेदारांनी शाळा मागितली. लढाईआधी ते सातवी पास झाले होते आणि त्या काळी तेवढं पुष्कळ होतं. देवळाच्या ओसरीवर नऊ पोरं बसायची, तीच शाळा. सुभेदारांनी पंचक्रोशीतले धोंडे गोळा करून चार खोल्या उभ्या केल्या. ज्या धोंड्याला आठ गडी लागायचे तो ते एकटे पाठीवर आणायचे, असं म्हणतात. पाच वर्षांत सातवीचा वर्ग आला आणि सुभेदार हेडमास्तर झाले. घंटेचा टोल दिला की ते तिच्यावर तळहात ठेवायचे. ती वाजली की नाही, हे त्यांना हातच सांगायचा.

त्यांच्या शाळेत नाव घालायची रीत वेगळी होती. हेडमास्तर हजेरीपट घेऊन अंगणाच्या या टोकाला बसायचे, पोर त्या टोकाला उभं राहायचं आणि आपलं नाव आपणच सांगायचं. आवाज पोचला नाही तर ते शांतपणे म्हणायचे, "ऐकू नाही आलं, बाळ. पुन्हा." ऐकू आलं की मगच नाव लिहायचे. पाढे तर असे गर्जत, की बोरघरची गुरं राखणारी पोरं शाळेत न जाता पंधरापर्यंत शिकली, असं म्हणतात.

एका वर्षी बिरू कोकरे या धनगराची मुलगी अनसूया अंगणाच्या त्या टोकाला उभी राहिली. घरी सगळे तिला अनशी म्हणत. पोरीच्या जातीनं आवाज चढवू नये, असं बिरूनं तिला पाळण्यापासून शिकवलं होतं. तिनं ओठ हलवले. जवळच्या चिमणीनंसुद्धा मान वळवली नाही.

"ऐकू नाही आलं, बाळ."

तिनं पुन्हा ओठ हलवले. पोरं हसली. हेडमास्तरांनी नुसतं पाहिलं आणि हसू थांबलं. मग त्यांनी हजेरीपटात एक ओळ कोरी सोडली आणि म्हणाले, "वर्गात बस. ही जागा तुझी. देशील तेव्हा लिहीन."

ती वर्षभर वर्गात बसली. अक्षरं शिकली, पाढे ओठांतल्या ओठांत म्हटले, पण नावाची ओळ कोरीच राहिली. रोज सगळ्यांची हजेरी झाली की हेडमास्तर त्या ओळीवर बोट ठेवून थोडं थांबायचे आणि मग पट मिटायचे. ते थांबणं तिला छडीपेक्षा लागायचं. सुट्टीच्या दिवशी दरीवरच्या खडकावर मेंढरं राखताना ती आपलं नाव म्हणून पाहायची. पहिल्यांदा ते मेंढरांनाही ऐकू आलं नाही. पुढच्या वर्षीच्या श्रावणात एका म्हाताऱ्या मेंढीनं चरायचं थांबून मान वर केली. अनशीला त्या दिवशी भाकरी गोड लागली.

त्याच श्रावणात हेडमास्तर बावीस पोरं घेऊन तालुक्याला खेळांच्या सामन्यांना गेले. पोरांनी खो-खोची ढाल जिंकली आणि सगळे शिपायांसारखे एका रांगेत, गात, बोरघरच्या बाजूनं उतरू लागले. दरीतल्या ओढ्यावर लाकडी साकव, म्हणजे पायी जायचा पूल होता. सुभेदार नेहमी पहिले साकवावर पाय टाकत आणि त्यांच्या मागोमाग रांग.

इकडे ऊन होतं, पण वर डोंगरात पाऊस कोसळला होता. ओढ्याला लोंढा आला. खडकावरून अनशीला दिसलं, की साकवाखालच्या खांबाचे धोंडे एकेक करून निघत आहेत आणि खांब कलला आहे. पलीकडून उतरणाऱ्यांना ते दिसणं शक्य नव्हतं. वर फळ्या कोरड्या होत्या, सरळ होत्या. अनशीच्या बाजूला दुसरं माणूस नव्हतं.

सुभेदार साकवापासून दहा पावलांवर आले.

थांबा म्हणावं, पाणी म्हणावं, खांब म्हणावं, तिला काही सुचेना. तिनं तोंड उघडलं, आणि वर्षभर जे घोकलं होतं तेच बाहेर पडलं.

"अनसूया बिरू कोकरे!"

असं म्हणतात, की मेंढरं जागच्या जागी बसली. समोरच्या डोंगरानं ते नाव सात वेळा म्हटलं. रांगेतल्या बावीस पोरांना पाण्याच्या घोंगावण्यात काहीच ऐकू आलं नाही. ते ऐकलं एकट्या सुभेदारांनी, आणि तेही गेलेल्या उजव्या कानानं. ते जागीच थबकले. हजेरीला देतात तसा हात त्यांनी उंच केला. शिपाई हात उंच करून थांबला की मागची रांग थांबते, हे त्यांनीच पोरांना शिकवलं होतं.

त्याच क्षणी खांब गेला. साकव काडीसारखा मोडला आणि लोंढ्याबरोबर दिसेनासा झाला.

सुभेदार सगळ्या पोरांना वरच्या खिंडीतून सहा कोसांचा वळसा घालून घेऊन आले. वेशीवर सगळा गाव उभा होता. आया पोरांना पोटाशी धरत होत्या. सुभेदार कुणाजवळ थांबले नाहीत. ते शाळेत गेले, पट उघडला आणि कोऱ्या ओळीवर ठळक अक्षरांत नाव लिहिलं. मग वर पाहिलं. अनशी अंगणाच्या त्या टोकाला उभी होती.

"आलं ऐकू," ते म्हणाले. लढाईतून आल्यापासून त्यांच्या डोळ्यांत पाणी कुणी पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं.

दोन डोंगरांपलीकडून बिरू धावत आला होता. फेटा हातात घेऊन तो म्हणाला, "मास्तर, माझ्या पोरीचा आवाज मीबी आजच ऐकला. लई चांगला हाय वो."

पुढे साकवाच्या जागी दगडी पूल झाला. अनसूयाबाई शिकल्या आणि सुभेदारांच्या मागे त्याच शाळेच्या हेडमास्तरीण झाल्या. आता त्याही नाहीत. पण रीत आहे. जूनमध्ये शाळा उघडते त्या सकाळी नवीन पोरं त्या खडकावर जातात. एकेक पोर दरीकडे तोंड करून आपलं पूर्ण नाव सांगतं. पुलापलीकडे गावातलं सगळ्यांत म्हातारं माणूस बसलेलं असतं. त्याला ऐकू आलं की ते हात उंच करतं, आणि मगच इकडे पटावर नाव चढतं. एखाद्याचा आवाज पोचला नाही तर कुणी हसत नाही. त्याच्यासाठी एक ओळ कोरी ठेवतात.

समोरचा डोंगर प्रत्येकाचं नाव सात वेळा म्हणतो. आणि नीट कान दिला, तर सातव्यानंतर आणखी एक आवाज येतो, असं म्हणतात. तो म्हणतो, "आलं ऐकू, बाळ."