बावीस का बत्तीस

"बावीस घेऊ का बत्तीस, तेवढं सांगा वस्ताद."

दस्तगीर वस्ताद आखाड्याची माती उकरत होते. दुपारची वेळ, तालमीत दुसरं कुणी नव्हतं. मातीत नुकतंच ताक जिरवलेलं, त्याचा आंबूस वास कोंदला होता. खोरं काही थांबलं नाही.

"बावीस काय?"

"पिस्तूल. परवाना आला माझा." संपत चौगुलेनं खिशावर हात ठेवला. "दुकानदार म्हणतोय, बावीस बोअरचं बारकं असतंय, सदऱ्याखाली दडतंय. पण गोळीबी बारकी. अंगावर आलेला माणूस थांबंल याची खात्री न्हाई. बत्तीसनं थांबतोय, पण कमरंला फुगवटा दिसतोय. तीन खेपा झाल्या माझ्या दुकानात. ठरत न्हाई."

"मग मला का इचारतोस? मी कुस्ती शिकवतो."

"माणूस कशानं खाली बसतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठावं हाय?"

वस्तादांनी एक ढेकूळ पायानं फोडलं. पुन्हा खोरं घातलं.

संपत आखाड्याच्या कडेला उभा होता. पन्नाशीचा गडी, गावच्या दूध संस्थेचा चेअरमन. पण वहाणा रीतीप्रमाणं दाराबाहेर काढून आलेला. दोन महिने झाले, त्याच्या घशाखाली घास धड उतरत नव्हता. संस्थेच्या सभेत रघू माने व्यासपीठावर चढला, संपतच्या डोक्यावरचा फेटा काढला आणि खुर्चीच्या पायाला बांधला. समोर चारशे माणूस. आधी सगळे गप्प. मग एक जण हसला, आणि मग सगळेच.

जाताना रघू म्हणाला होता, "आज फेटा, उद्या मुंडकं."

परका असता तर संपतनं गिळलंही असतं. पण रघू याच मातीतला. बारा वर्षं त्याचा जोड, सरावाला रोज समोर तोच. दोघं एका ताटात जेवलेले.

"त्यानं मुंडक्याची भाषा केली, वस्ताद. पोलिसांनी अर्ज घेतला आन् ठेवून दिला. गावानं मजा बघितली. ते जाऊ द्या. तुम्ही काय केलंत? तुमचाच पठ्ठ्या त्यो. दोन महिन्यांत एका शब्दानं बोलला न्हाईत. मग माझ्या जिवाचं मी बघायचं का न्हाई?"

"बघायचं की," वस्ताद म्हणाले. "कुठल्या बाजूला लावणार?"

हा सवाल येईल असं संपतला वाटलं नव्हतं.

"उजव्या. सदऱ्याच्या आतनं."

वस्तादांनी खोरं टेकवून ठेवलं. कोनाड्यात बदाम कुटायचा खल होता, त्यातला लोखंडी बत्ता काढला. तळहातावर तोलला.

"ह्यो तुझ्या पिस्तुलाच्या वजनाचा असंल. खोच. पारापतुर जा, च्या पी, माघारी ये. कुणाला दिसता कामा न्हाई. मग सांगतो."

संपतचे कान लाल झाले. "मी काय खुळा हाय व्हय, वस्ताद? चेअरमन माणूस बत्ता खोचून गावात हिंडू? दुकानदारानं निदान खुर्ची दिली, माप सांगितलं. तुम्ही पोरखेळ मांडलाय."

"जा."

या आवाजावर त्यानं हजारांनी बैठका मारल्या होत्या. मन अजून भांडत होतं, तोवर पाय वळलेसुद्धा.

...

तो परतला तेव्हा माती सारखी झाली होती. वस्ताद आखाड्याच्या कडेला बसले होते.

"दिसला कुणाला?"

"न्हाई." संपत घामानं भिजला होता, पण चेहऱ्यावर तेज होतं. "न्हाव्यानं हाक मारली, मी डाव्या अंगानं उभा ऱ्हायलो. हौसाक्का तोंडावरनं हात फिरवायला आली, तिला म्हटलं घाईत हाय, आन् मागं सरलो. म्हातारी बघतच ऱ्हायली. पण कळलं न्हाई कुणाला." त्यानं दम घेतला. "आन् पारावर रघ्या बसला हुता."

वस्तादांनी मान वर केली.

"मला बघून उठला. वहाणा तिथंच काढल्या, आन् सरळ माझ्याकडं आला. अनवाणी. बारा वर्सं लढलोय मी त्याच्यासंगं. वहाणा काढल्यावर त्यो काय करतोय ते मला कुणी शिकवायला नको. माझा हात आपसूक कमरंला गेला. सदऱ्याच्या आत."

"मग?"

"चार पावलांवर थांबला. माझ्या हाताकडं बघितलं. माझ्या तोंडाकडं बघितलं. रंगच उडाला गड्याचा. वळला, वहाणा घातल्या, गेला घराकडं." संपत हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. "नुसत्या बत्त्यानं, वस्ताद. म्हंजे मला बावीस बास झालं."

वस्ताद पुढं वाकले.

"त्याचं हात कसं हुतं?"

"हात?" संपत अडखळला. "हाताकडं कोण बघतंय. मी पायांवर नजर ठेवली हुती. पटात शिरतोय त्यो, पायच धरतोय."

"संपत, तू एकदा त्याचा खांदा निखळवला हुतास. सलामी व्हायच्या आत. आठवतंय?"

"आठवतंय."

"दुसऱ्या दिवशी मी तुला त्याच्या दारात धाडला. कसा गेला हुतास?"

संपतनं स्वतःच्या पायांकडं पाहिलं.

"...अनवाणी."

"चार दिस बसवलाय मी त्याला हितं," वस्ताद म्हणाले. आवाज चढला नव्हता. "ह्या वयात, ह्या तोंडानं शिव्या घातल्या. माझ्या मातीतला गडी जोडाचा फेटा खुर्चीला बांधतो, मुंडक्याची बोली बोलतो, मला जेवाण गोड लागलं असंल व्हय रं? कबूल हुईना. आज सकाळी रडला. म्हटलं, चारचौघांत लाज घेतलीस, चारचौघांतच माफी माग. पारावर बस. त्यो आला की वहाणा काढ, हात जोड आन् त्याच्या पायावर डोकं ठेव."

संपतनं बत्ता उपसला. खाली ठेवताना तो दगडावर खणकन वाजला.

मग त्याचा संताप उसळला.

"आन् हे ठावं असून तुम्ही मला बत्ता खोचून धाडलंत? माफी मागाय निघालेल्या माणसासमोर? दोन महिने मी जळतोय, वस्ताद. दोन महिने. सगळ्या गावासमोर त्यो माझ्या पायाशी येत हुता. चार पावलं ऱ्हायली हुती, चार. कसली ही शिकवण? मला सांगितलं असतं तर मीच त्याला उचलून छातीशी धरला असता. तुम्ही घालवलंत. तुमच्या ह्या बत्त्यानं घालवलंत."

वस्तादांनी बत्ता उचलला. लुंगीच्या टोकानं पुसला. उठून कोनाड्यातल्या खलात ठेवला.

"नुसता बत्ता हुता," ते म्हणाले, "म्हणून त्यो आपल्या पायानं, वहाणा घालून घरी गेला."