कंपनीची फी, अशिलाचं गुपित

एकदा एक वृद्ध वकील आपल्या नवशिक्या शिष्येसह एका अभियंत्याचा खटला लढवत होते. अभियंत्याने आखून दिलेली संरक्षक भिंत एका बंगल्यावर कोसळली होती. माणसे वाचली, पण मालकाने मागितलेली भरपाई अशी, की अभियंत्याचं राहतं घर जावं. अशा चुकांसाठी त्याने विमा उतरवला होता, म्हणून वकील नेमले विमा कंपनीने आणि फीही देणार कंपनीच. वकीलपत्रावर सही मात्र अभियंत्याची. या कामाची रीतच तशी.

एके दिवशी भेटीला आलेला अभियंता बोलता बोलता ढसाढसा रडू लागला. भिंतीला तडे गेलेले त्याने विमा घेण्याआधीच पाहिले होते आणि कंपनीपासून लपवले होते.

शिष्येच्या अंगात वीज सळसळली. लपवाछपवी उघड झाली की कंपनी भरपाईतून सुटली, आणि तो शोध आपल्या नावावर! ती धावतच बाहेरच्या फोनपाशी गेली. नंबर फिरवते न फिरवते तोच वृद्धांनी येऊन फोन बंद केला. अभियंत्याला त्यांनी सांगितलं, की आता स्वतःचा वेगळा वकील पाहा आणि त्याच्यापाशी सगळं खरं बोला. कंपनीला कळवलं, की खटला सोडतो आहे, कारण विचारू नये.

अभियंता गेल्यावर शिष्या फणकारली. कंपनीच्या कामांवर आपली चूल पेटते आणि हाती आलेलं यश तुम्ही उकिरड्यावर टाकलंत, असं तिने तोंडावर ऐकवलं.

वृद्ध म्हणाले, "पोरी, सुईणीला लुगडं-नारळ सासरा देतो. म्हणून बाळंतीण कळांच्या भरात जे बोलली, ते सुईण ओसरीवर जाऊन सासऱ्याला सांगते का? हा माणूस आपल्याला त्याचं समजून बोलला. तेच त्याच्यावर उलटवलं, तर उद्या वकिलापुढे तोंड कोण उघडेल? आणि कंपनीशी मला खोटंही बोलायचं नाही. म्हणून बाजूला झालो."

दुसऱ्या दिवशी वृद्ध कोर्टात असताना कंपनीच्या साहेबांचा फोन आला. स्वरात नुसती साखर. "म्हातारबुवा थकले आता. यापुढची कामं तुम्हीच बघा की. फक्त एवढं सांगा, तो काय बोलला?"

शब्द तिच्या जिभेच्या टोकावर आले. डोळ्यांपुढे स्वतःच्या नावाची पाटी झळकली.

"ते सांगायचा अधिकार मला नाही, साहेब."

"मग कामंही नाहीत," म्हणत साहेबांनी फोन आपटला.

खरं तर तिने खट्टू व्हायला हवं होतं. पण पहिलाच खटला जिंकावा, तसं तिचं काळीज उड्या मारत होतं.