सोनबाने राखलेली राई

एका गावात एक भोळा सोनबा होता. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्याबरहुकूम करायचा. एवढाच त्याचा दोष.

गावामागे देवीची राई होती. राईत झरा होता, आणि गावाचं पाणी त्याच झऱ्याचं. ती राई विरळ करायचं ठरलं, तोडीचा ठेकाही एका ठेकेदाराला दिला गेला. सोनबाची बायको अनसूया देवीला नवस बोलली, "मोठी झाडं वाचली, तर तुझी ओटी भरीन."

मग जंगल मोजणाऱ्या बाई आल्या. म्हणाल्या, "झाड हवेतला कर्ब ओढून खोडात साठवतं. जितकं खोड जाड, तितका साठा मोठा. तो साठा कागदावर दाखवला, की जाड झाडं राखता येतील. सोनबा, छातीच्या उंचीवर घेर मोजा."

सोनबा मधासाठी बेहड्याच्या झाडावर चढला होता. छाती शेंड्याशी होती. त्याने तिथेच माप घेतलं. चार इंच.

"अहो, हा बेहडा की तुळस?" बाई म्हणाल्या. "पाय जमिनीवर ठेवून मोजा."

दुसऱ्या दिवशी एक ऐनाचं झाड उन्मळून पडलेलं दिसलं. सोनबा जमिनीवर ताठ उभा राहिला. छातीसमोर काहीच नव्हतं. त्याने लिहिलं, शून्य.

"पडलेल्या लाकडातही साठा असतो, सोनबा. आडवं असलं तरी मोजायचं."

तिसऱ्या दिवशी यादीत आलं: आडवा, घेर बत्तीस इंच, घोरतो.

बाईंनी चष्मा पुसला. "हे कुठलं झाड?"

"सासरे आहेत. पारावर आडवे झाले होते."

"मग काय, राखणार की तोडणार?" पारावरचं कुणीतरी म्हणालं.

"निजलेला माणूस मोजायचा नाही," बाई हळूच म्हणाल्या.

सोनबाने घोकलं. निजलेला नाही.

शेवटी बाईंनी सांगितलं, "चार फुटांच्या वर घेर भरला, की दोरा बांधा. दोरा असेल ते राखायचं, नसेल ते ठेकेदार तोडणार. राखलेल्याचा घेर दरवर्षी पुन्हा मोजायचा. उद्या सकाळी मी बघायला येते."

अनसूयाने वटपौर्णिमेचं उरलेलं सूत दिलं. "सात फेरे घाला हो. देवीचं काम आहे."

ठेकेदार मोठा घाईचा. खुणा व्हायच्या आत तोड उरकावी, म्हणून उजाडताच कुऱ्हाडवाले घेऊन आला आणि एका झाडाला टेकून उभा राहिला. गडी चांगला भरलेला.

सोनबाने पाहिलं. उभा होता. पाय जमिनीवर होते. निजलेला तर नव्हताच. त्याने छातीला टेप लावला. चार फूट दोन इंच.

"काय चाललंय रे?"

"हलू नका मालक. तुमच्यात साठा फार आहे."

आणि झाडासकट सात फेरे घातले. सगळं सूत तिथेच संपलं.

"तोडा रे हे," ठेकेदार म्हणाला.

कुऱ्हाडवाल्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवून हात जोडले. "व्रताचं सूत आहे मालक. घरी बायकोला काय सांगायचं?"

बायको मालकालाही होती. त्यानेही सुताला हात लावला नाही, आणि मालकच बांधलेला म्हणून तोडही सुरू झाली नाही.

बाई आल्या तेव्हा एकही झाड तुटलं नव्हतं. एकालाही खूण नव्हती. यादीत एकच ओळ होती: क्रमांक एक, ठेकेदार, राखीव.

बाईंनी तोंडाला पदर लावला. मग गावातल्या बायकांनी घराघरातून सूत आणलं आणि जाड झाडं एकेक करून बांधली. अनसूयाने देवीची ओटी भरली, नवऱ्याजवळ आली. "अहो, आता यांना सोडा ना."

"सोडून कसं चालेल?" सोनबा म्हणाला. "पुढल्या वर्षी घेर किती वाढला, ते मोजायचंय."