भामाच्या खुणा

"कुठल्या नावानं शोधू?" निशिकांतनं विचारलं.

"भामा," कौसाबाई म्हणाली. "माझी लेक."

त्यानं बटणं दाबली. पडदा कोराच राहिला.

"नाही, मावशी. या नावाची एकही फाईल नाही."

"नीट बघ की, लेकरा. तीन वर्षं दर गुरुवारी हितंच असायची ती."

ही गोष्ट खडकवाडीच्या मठातली. निशिकांत पुण्याची नोकरी सोडून सोपानगिरी महाराजांकडे दीक्षा मागायला आला होता. महाराजांनी दीक्षा दिली नाही, कॉम्प्युटर दिला. दहा वर्षांची प्रवचनं रेकॉर्डरच्या कार्डांवर तशीच पडून होती, ती लावायला सांगितली. सहा महिने मान मोडून त्यानं ते काम केलं. चोख केलं, उगाच नावं ठेवू नयेत. पण काम चोख झालं की माणसाची मान जरा वरच राहते. याचीही राहायची.

"पाचशे बारा प्रवचनं आहेत इथं," तो म्हणाला. "प्रत्येकाला तारीख, वक्ता, विषय, सगळं लावलंय मी. नुसतं 'वैराग्य' म्हणा, डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर येतं. पण जे नाहीच, ते मी कुठून आणू?"

कौसाबाई खाली बसली. लेक तापानं गेली होती. दोन वर्षं झाली. एकोणिसावं चालू होतं तिला.

"फोटो हाय माझ्याकडं," ती म्हणाली. "पर तिचा आवाज... त्यो आठवंना झालाय मला. काय बोलायची ते ध्यानात हाय. आवाज जातोय निसटून."

निशिकांतनं खुर्ची तिच्याकडे वळवली. दगड नव्हता तो.

"ती काय करायची इथं?"

"माईक लावायची."

"माईक लावणाऱ्याचं नाव कुणी लिहीत नाही, मावशी."

महाराज दारात बसून शेंगा सोलत होते. वर न बघता बोलले.

"तुझी शेळी कधी हरवली का रे?"

"माझ्याकडे शेळी नव्हती, महाराज."

"दुसऱ्याची हरवलेली तरी बघितली असशील. बाजारात तो माणूस काय सांगत फिरतो?"

"...शेळीचं नाव?"

कौसाबाई हसली. डोळ्यांतलं पाणी तसंच होतं, तरी हसली.

"शेळीचं नाव घेऊन कोण हिंडतंय, बाबा? रंग सांगायचा. शिंग धड हाय का मोडकं. कान कुठं फाटलाय. किती वाजता, कुठल्या वाटंनं गेली."

"मग याला सांग, माय," महाराज म्हणाले. "लेकीच्या खुणा सांग."

ती सांगायला लागली. "दुपारी साडेचारला यायची. म्हाराज बसायच्या आधी. निळं यंत्र असायचं, ते चालू करायची. कधी कधी चालतंय का बघायला कायतरी दोन शब्द बोलायची, की बंद. मग म्हाराज आले की नव्यानं चालू करायची."

निशिकांतचे हात थांबले.

"दोन शब्द..."

"का? बसत नाही का शोधात?" महाराजांनी विचारलं.

"बसतं, महाराज. चांगलं बसतं. फाईल कधी झाली, किती लांबीची, कुठल्या यंत्रावर झाली, ते यंत्र आपलं आपणच लिहून ठेवतं. कुणी नाव लिहो न लिहो."

"मग शोध."

"नाहीत त्या." त्याचा आवाज खाली गेला. "एका मिनिटाच्या आतल्या सगळ्या फायली मी आज सकाळी काढून टाकल्या. त्यांत प्रवचन नव्हतं. वाटलं, चुकून बटण दाबलं गेलं असेल."

"ऐकून काढल्यास?"

"...न ऐकता."

कौसाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

"पार जाळल्यास का?" महाराजांनी विचारलं.

"नाही. कचरापेटीत आहेत अजून. पण शोध लावला की कॉम्प्युटर तिथं बघत नाही."

"तो बघत नाही," महाराज म्हणाले. "तू?"

निशिकांतनं कचरापेटी उघडली. सगळ्या फायली माघारी आणल्या. दोनशेच्या वर निघाल्या. भामाची तीन वर्षं तेवढी ठेवली. त्यातली चार ते पाचची वेळ ठेवली. मग निळं यंत्र. यादी उतरत उतरत सदतीसवर आली. सदतिसांतल्या एकीलाही नाव नव्हतं, नुसते आकडे.

त्यानं पहिली लावली.

खरखर झाली. लांब कुठंतरी कोंबडा ओरडला. मग एक पोरगी बोलली.

"हॅलो... एक, दोन. आई, उजेडातनं सरक की जरा, बटणं दिसंनात मला."

संपली.

कौसाबाई बसल्या जागेवरून हातभर सरकली.

भिंतीला टेकली, आणि दारातून येणारा उजेड कॉम्प्युटरवर पडला.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढला.

"ह्याच्यात घाल. सगळ्या घाल."

निशिकांतनं सदतीसच्या सदतीस घातल्या. कशा लावायच्या ते तिच्या बोटानं दोनदा करून घेतलं. मग कॉम्प्युटरकडे वळला. वक्त्याच्या रकान्यात 'भामा' लिहिलं. पुढचा रकाना विषयाचा. तिथं अडला.

"महाराज, विषय काय लिहू? प्रवचन तर नाही हे. अकरा सेकंद आहेत नुसते."

महाराजांनी भिंतीला टेकलेल्या बाईकडे बघितलं. मोबाईल कानाला धरून बसली होती ती.

"पाचशे बारा लावलीस ना माझी?" ते म्हणाले. "त्यांतल्या एकानं तरी कुणी हातभर सरकलं का... तेवढं शोध आधी."