गोजीचं उष्टं पाणी

फार फार वर्षांपूर्वी कुंभवण्याचं तळं इतकं निवळ होतं, की काठावरून तळाशी चालणारे शिंपले दिसत. गाळात बारीक रेघ ओढत ते सरकत. त्या काठी गोजीची चुन्याची भट्टी होती. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मेलेले, रिकामे शिंपले काठावर उरत. गोजी तेवढेच वेचायची आणि भाजून त्यांचा चुना करायची. जिवंत शिंपल्याला हात लावायचा नाही, असा तिच्या आईचा दंडक होता. का, ते आईने सांगितलं नव्हतं आणि गोजीने विचारलंही नव्हतं.

एका वर्षी गावच्या म्हाताऱ्यांनी देवीचं देऊळ पांढरंशुभ्र करायचं ठरवलं. रिकामे शिंपले पुरेनात. मग गावचे मुख्य, तात्या गावकार, यांनी हुकूम सोडला: दर घराने तळ्यातून पाटीभर शिंपले काढावेत, जिवंत असले तरी चालतील. गोजीने भट्टी पेटवली. देऊळ असं झळाळलं, की दर्यावरचे तांडेल त्याच्या खुणेने होड्या वळवू लागले, असं म्हणतात.

पुढच्या उन्हाळ्यात तळं हिरवं झालं. पाण्याला वास येऊ लागला. घरोघरी पोरं आजारी पडली. गोजीची धाकटी बहीण आबोली तर उठेनाशी झाली, पेजेचा घोटही तिच्या पोटात ठरेना. म्हाताऱ्यांनी देवीला कौल लावला आणि त्याचा अर्थही स्वतःच लावला. देवी रागावली आहे, चुन्याचा आणखी एक हात हवा. तळ्याच्या बांधाखालचे उरलेसुरले शिंपले खरवडून त्यांनी गोजीच्या दारात आणून ओतले.

गोजीने ते तळ्याच्या पाण्याने भरलेल्या डेऱ्यात टाकले आणि ती बहिणीच्या उशाशी जाऊन बसली. सकाळी पाहते तर पाणी निवळलेलं, डेऱ्याचा तळ लख्ख दिसतोय. शिंपल्यांनी तोंडं जराशी उघडली होती. ते पाणी आत घेत होते, घाण ठेवून घेत होते आणि पाणी परत सोडत होते. गोजीने ते पाणी उकळून आबोलीला दिलं. दिवस कलला तेव्हा आबोलीने पेज मागितली.

गोजी डेरा डोक्यावर घेऊन देवळात गेली. तात्यांनी आत डोकावून पाहिलं आणि तोंड फिरवलं. शिंपल्यांनी पिऊन परत सोडलेलं पाणी म्हणजे उष्टं, ते देवीच्या दारात आणलंस कसं, असं ते म्हणाले.

"तात्या, तळं निवळ होतं तेव्हाही हेच चाललं होतं," गोजी म्हणाली. "तुम्ही जन्मभर उष्टंच प्यायलात. देवीसुद्धा."

मागे कुणीतरी हसलं. तात्यांचा चेहरा तांबडा झाला. "भट्टी पेटवणार की नाही, तेवढं बोल."

"नाही."

ती तशीच तळ्यावर गेली, कमरेभर पाण्यात उतरली आणि तिने एकेक शिंपला गाळात सोडला. मग तिथेच उभी राहिली. ज्याला शिंपले काढायचे होते, त्याला आधी तिला ओलांडावं लागणार होतं. कुणी ओलांडलं नाही. पावसाळे आले आणि गेले, गोजी हलली नाही, असं म्हणतात. शिंपल्यांची पिल्लं तिच्या पदराला धरून वाढली. तिच्या पायांभोवती निवळ पाण्याचं एक कडं झालं, ते रुंदावत रुंदावत काठाला टेकलं. एके दिवशी पाणी भरायला आलेल्या आबोलीला गोजी दिसली नाही. तळ नुसता रेघांनी भरला होता. कुणी म्हणतं, ती घरी येऊन म्हातारी होऊन गेली. पण असं म्हणणारे थोडेच.

कुंभवण्यात देवीच्या देवळाला आजही चुना लावत नाहीत. आणि नवा गावकार निवडला, की मानाच्या जागी बसण्याआधी त्याला देवळासमोर उभं करतात. गावातली सगळ्यांत धाकटी, नुकती चालायला लागलेली मुलगी शिंपले ठेवलेल्या डेऱ्यातलं ओंजळभर पाणी त्याला देते. "गोजीचं उष्टं," म्हणून सगळा गाव ओरडतो. ज्याने तोंड वाकडं केलं, त्याची गावकारी तिथेच संपते.


तोंड वाकडं करणारे दोघे होऊन गेले, असं म्हणतात. त्यांची नावं गावात कुणालाच आठवत नाहीत.