यमूच्या अंगात साहेबांचा कोट

आमच्या वाडीच्या माळावर आता सीताफळाची बाग आहे. पूर्वी तिथे जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं वितळवायची भट्टी होती. तिची राख उडून विहिरीत पडायची. तेव्हा माझी सगुणावहिनी होती. आज ती नाही, पण तिचा आवाज अजून कानात आहे. तिची तीन वर्षांची यमू सारखी पोट धरून रडायची, फिकी पडत चालली होती. वहिनीने तक्रारी करून करून शहरातून तपासणीचे मोठे साहेब आणवले.

थंडीचे दिवस होते. लोकरी कोटातले साहेब पारावर बसून म्हणाले, "पाण्यात शिसं आहे, पण थोडं. तेवढ्याने काही होत नाही. भट्टी चालू राहील."

"कुणाला होत नाही, साहेब?" वहिनीने विचारलं.

"माणसाला! माझ्यासारखा धडधाकट माणूस धरूनच हा हिशेब करतात, बाई."

"असं होय? मग जरा कोट द्या की. पोरगी कुडकुडतेय."

साहेबांना नाही म्हणता येईना. वहिनीने कोट यमूला घातला. बाह्या जमिनीवर लोळल्या, पोर आत दिसेनाशी झाली. सगळा पार हसला.

"साहेब, तुमच्या अंगाचा कोट हिला बसत नाही," वहिनी म्हणाली. "मग तुमच्या अंगाला सोसणारं विष हिला कसं सोसेल?"

हसू थांबलं. साहेबांनी कोटासकट यमूला मांडीवर घेतलं आणि हळूच विचारलं, "बाळ, तू रोज किती पाणी पितेस गं?"

यमूने हात पसरून दाखवलं. हात कुठले, नुसत्या बाह्याच हलल्या.

होळीच्या आत भट्टी विझली.